न मागता खुडलेली फांदी

इस्पितळाच्या डे-केअरमध्ये माझ्यानंतर उपचार सुरू झालेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं कसं काढलंत?" मी म्हणालो, "धीराने." ते बिचारे मान हलवत राहिले. मी साफ खोटं बोललो होतो. घरी आल्यावर ते मला इतकं बोचलं, की खरं काय झालं ते लिहून काढायचं ठरवलं. यात धीर फारसा सापडणार नाही. मूर्खपणा भरपूर आहे, आणि तो सगळा माझा आहे.

मी नंदाखाल गावचा. नोकरी केली शाळेत विज्ञान शिकवण्याची, आता निवृत्त, आणि जन्म वाडीत. केळी, नारळ, पानवेल, सोनचाफ्याची कलमं हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. गाव मला सर म्हणतं. बायको, सिसिलिया, मास्तर म्हणते, आणि रागावली की त्या मास्तरवर जरा जास्तच जोर देते. मुलगी स्नेहल एम.एस्सी. झाली आहे. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

गाठ

रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना शर्टाचं वरचं बटण लागेना. "कॉलर आटली," सिसिलिया म्हणाली. दुसरा शर्ट काढला, त्याचंही लागेना. मानेवर हात फिरवला तर कानाखाली सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं मी तिला सांगितलं. विज्ञान शिकवणारा माणूस हे बोलतो, म्हणजे बघा.

पंधरा दिवसांत काखेत दुसरी आली. मग तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि एका मंगळवारी आम्ही दोघं डॉक्टर बाईंच्या समोर बसलो. लिम्फोमा, त्या म्हणाल्या. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. उपचार आहेत, चांगले आहेत, लवकर सुरू करू. पुढे त्या बरंच बोलल्या. त्यांच्या टेबलावर एक मनी प्लांट होता, पानं पिवळी पडलेली. त्या थांबल्यावर मी म्हणालो, "तुम्ही याला पाणी फार घालता. मुळं कुजली असणार."

डॉक्टर बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाहेर आल्यावर सिसिलियाने माझा दंड धरला. "मास्तर, त्या काय म्हणाल्या ते ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं."

"मग ते झाड कुठून मध्ये आलं?"

त्या क्षणी त्या खोलीत मला समजेल अशी एकच वस्तू होती, आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो. रिक्षात ती रडली. मी रडलो नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ याच अभिमानात होतं.

पहिली बाटली

दर एकवीस दिवसांनी एकदा, असे सहा डोस ठरले. केमोची औषधं आणि त्यांच्या आधी अँटिबॉडीची एक बाटली. डॉक्टर बाईंनी सोपं करून सांगितलं: तुमच्या आजारी पेशींच्या अंगावर एक खूण असते, हे औषध नेमकं जाऊन त्या खुणेला चिकटतं, मग शरीर त्या पेशींना ओळखून मारतं. ऐकायला किती छान. मी वर्गात सांगावं तसं.

ती बाटली लागली आणि अर्ध्या तासात मला थंडी भरली. चादर दिली, दुसरी दिली, पण दात एकमेकांवर आपटायचे थांबेनात. पाठीत कळा सुरू झाल्या. छातीवर कुणीतरी नारळाचं पोतं ठेवलंय असं वाटलं. सिस्टर धावल्या, पडदा ओढला, कुणीतरी म्हणालं, "बीपी पडतंय, बंद कर, बंद कर." सिसिलियाला बाहेर काढलं. माझी खात्री झाली की हेच ते, आपण इथेच संपणार. खरं सांगतो, त्या वेळी देव आठवला नाही. वाडीतला पंप चालू राहिलाय का, एवढंच डोक्यात होतं.

पडद्यापलीकडच्या खुर्चीत अर्नाळ्याच्या हिराबाई होत्या, कोळीवाड्यातल्या, माझ्या आधीपासून उपचार घेणाऱ्या. त्यांनी पडद्याखालून हात आत घातला आणि माझा पाय धरला. "मास्तर, घाबरू नका. मना पन पयल्यांदा असाच झालता. जातो तो. मंग पानी प्या घोटभर."

गेलं ते. इंजेक्शनं दिली, तासाभराने बाटली पुन्हा अगदी थेंबाथेंबाने सुरू केली, आणि संध्याकाळपर्यंत संपली. घरी शेजारी जमले होते. "कसं होतं सर?" मी म्हणालो, "काही नाही, थोडी थंडी वाजली."

दुसऱ्या डोसला काहीच झालं नाही. पण ते खरं नाही. सुई टोचण्याआधीच, इस्पितळाच्या जिन्यात मला उलटी झाली. सकाळचे पोहे बाधले, असं मी सांगितलं. ती खुर्ची मला कुठेही, केव्हाही आठवायची. अंघोळ करताना, केळीला पाणी देताना, मिस्सेत गुडघ्यावर बसलेला असताना. सर घाबरले असं गावाने म्हणू नये, यासाठी मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, फादरनाही नाही.

वालीव

स्नेहल वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गल्लीत एका बाजूला गॅसचे बर्नर बनतात, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या, आणि मध्ये ही प्रयोगशाळा. रोपांमध्ये औषध तयार करण्याचं काम चालतं, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या आजारपणात एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला जी अँटिबॉडी देतात ना, तीच आम्ही पानात बनवून बघतोय."

माझा घास हातात राहिला. "तीच?"

"तीच. तुमच्या बाटलीतली प्राण्यांच्या पेशींमध्ये बनते, मोठमोठ्या टाक्यांत. आम्ही ती झाडाकडून करून घेतो."

मी ते बघायचा हट्टच धरला. तिने परवानगी काढली आणि तिसऱ्या डोसच्या चार दिवस आधी मला घेऊन गेली. पांढरा डगला, पायांना पिशव्या, डोक्याला टोपी. आत मांडणीवर मांडणी, जांभळट उजेड, आणि रांगेने रोपं. तंबाखूच्या कुळातली, पण दिसायला गरीब. वीतभर उंच, पानं मऊ, देठ रसाळ. असा देठ दिसला की वाडीवाल्याचे हात शिवशिवतात.

तिने मला मुख्य काम दाखवलं. रोपांचा आख्खा ट्रे उलटा केला आणि पानं एका गढूळ पाण्यात बुडवली. त्या पाण्यात एक जीवाणू असतो. पंपाने हवा ओढली, मग सोडली, आणि ते पाणी पानांत शिरलं. बाहेर काढल्यावर पानं भिजल्या कागदासारखी काळपट दिसत होती.

"हा जीवाणू पानाला सांगतो, काय बनवायचं ते," स्नेहल म्हणाली. "पाच-सहा दिवस ही पानं ते बनवतात. मग कापायची, वाटायची, आणि त्यातून अँटिबॉडी वेगळी काढून शुद्ध करायची. खरं काम ते आहे, पप्पा. माणसाला द्यायला अजून खूप वर्षं लागतील."

ती बोलत होती. मी ऐकत होतो, पण कानावर पडलं त्यातलं एकच मी घरी नेलं: माझं औषध झाडात होतं. खुर्ची नको, सुई नको, पडदा नको.

आमच्या भागात एक रीत आहे. मागून आणलेलं रोप धरेलच असं नाही, पण न मागता खुडून आणलेली फांदी हमखास धरते, असं सगळे मानतात. लग्नाला गेलेली बाई पर्समध्ये जास्वंदीची काडी घालून परतते. चर्चच्या आवारातली गुलाबाची फांदी तर फादरच्या डोळ्यांदेखत जाते. याला कुणी चोरी म्हणत नाही. स्नेहल कुणाशी तरी बोलायला वळली, तेव्हा दाराजवळच्या मांडणीवरच्या एका रोपाचा बगलेतला फुटवा मी नखाने खुडला, रुमालात गुंडाळला आणि डगल्याखाली शर्टाच्या खिशात घातला.

फांदी धरली

बावखलाच्या काठावर, केळीच्या सावलीत, मी ती लावली. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. तिकडे सिसिलिया सहसा जात नाही, तिला पाणसापांची भीती. तिसरा डोस मी घेतला, दात आवळून. तिकडे फांदीने मूळ धरलं, नवी पानं फुटली. रोज सकाळी मी तिला बघायला जायचो आणि मला खरंच बरं वाटायचं. मनातल्या मनात मी तिची कलमंही करून टाकली होती. अर्नाळ्याला हिराबाईंना एक पाठवायचं, हेसुद्धा ठरलं होतं.

गिळलेलं प्रथिन पोटात पचतं आणि त्याचे तुकडे होतात, हे मी आयुष्यभर फळ्यावर काढून शिकवलं आहे. अँटिबॉडी हे प्रथिन आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच करत नव्हतो. घाबरलेल्या माणसाला नको ते न आठवण्याची कला आपोआप येते.

चौथ्या डोसच्या आदल्या दिवशी रक्त द्यायला मी एकटाच स्कूटरवर गेलो. परत येऊन घरी सांगितलं, "पांढऱ्या पेशी कमी आहेत. आठवडाभर थांबायला सांगितलंय." आणि डे-केअरला फोन करून सांगितलं, "घरात कार्य आहे, पुढच्या आठवड्यात येतो." तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, उशीर करू नका हां." मी म्हणालो, "नाही, नाही."

खलबत्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी सिसिलिया मिस्सेला गेली, स्नेहल कामावर. मी मोजून सहा पानं तोडली, खलबत्त्यात कुटली, फडक्यातून पिळली. अर्धी वाटी हिरवा रस निघाला. क्रूसाची खूण केली आणि प्यायलो. कडूजहर.

दहा मिनिटं झाली असतील. तोंडातून लाळ गळू लागली. घामाने बनियन भिजलं. काळीज इतक्या जोरात उडू लागलं, की मला ते कानात ऐकू येत होतं. उलटी झाली, दुसरी झाली. उठायला गेलो तर पाय जागेवर नव्हते. मी पडवीत आडवा झालो आणि खांबाला धरून ठेवलं. सिसिलिया परत आली तेव्हा मला तिला हाक मारायची होती, पण जीभ वळेना.

शेजाऱ्यांनी मला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काका, सकाळपासून काय खाल्लं-प्यायलंत?"

"चहा," मी म्हणालो.

"आणखी काही? कुठलं औषध? झाडपाल्याचं काही?"

"नाही."

अशा अवस्थेतही मी खोटं बोललो. तो डॉक्टर सिसिलियाला म्हणाला की केमोच्या पेशंटला असं होणं म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात गेलेला असू शकतो, किंवा हृदयाचं काही असेल, मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. सिसिलियाच्या तोंडचं पाणी पळालं. ती माझ्या पायाशी बसून रोजरीच्या जपमाळेचे मणी ओढू लागली. मी डोळे मिटून घेतले. एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं.

स्नेहल वालीवहून निघाली ती आधी घरी गेली, माझी फाईल घ्यायला. दवाखान्यात आली तेव्हा तिच्या एका हातात फाईल होती, आणि दुसऱ्या हातात एक पान. तिने ते माझ्या चादरीवर ठेवलं.

"पप्पा, हे खलबत्त्याला चिकटलं होतं. मी वाडीत फिरून आले. बावखलाच्या काठावर रोप आहे."

मी त्या पानावर चादरीचा कोपरा ओढला.

"किती पानं?"

"सहा."

ती डॉक्टरकडे वळली आणि भराभर सांगू लागली: झाड तंबाखूच्या कुळातलं, पानांत निकोटीनसारखी द्रव्यं असतात, रस प्यायलेत, साधारण एवढ्या वेळापूर्वी. आवाज अगदी शांत. उपचार बदलले. दुपारपर्यंत काळीज ठिकाणावर आलं. मग ती माझ्याजवळ येऊन बसली.

"दाराजवळच्या मांडणीवरचं ना?"

"हो."

"ती रोपं अजून बुडवलेलीसुद्धा नव्हती. त्यांच्यात औषध नव्हतंच. आणि बुडवलेल्या रोपाची फांदी आणली असतीत, तरी नव्या पानांत ते येत नाही. ज्या पानांत पाणी शिरतं तेवढ्याच पानांत, तेवढेच दिवस." थोडं थांबून ती म्हणाली, "चौथा डोस खरंच डॉक्टरांनी पुढे ढकलला?"

"नाही. आजच होता."

सिसिलियाचे मणी थांबले. "मास्तर," ती म्हणाली.

चौथी बाटली

त्याच संध्याकाळी स्नेहलने ते रोप मुळासकट उपटलं, आजूबाजूची माती खरवडली, पिशवीत बांधून प्रयोगशाळेत नेलं. मला वाटलं, तिथे एक-दोघं ओरडतील आणि विषय संपेल.

डॉक्टर बाईंपुढे मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. यकृताच्या तपासण्या बिघडल्या होत्या. त्या पूर्ववत होईपर्यंत डोस देता येणार नव्हता. तीन दिवस, मग आणखी चार. त्या दिवसांत कानाखाली पुन्हा काहीतरी हाताला लागू लागलं. आधी मुगाएवढं, मग वाटाण्याएवढं. दिवसातून पन्नास वेळा माझं बोट तिथे जायचं. सिसिलिया ते बघायची आणि माझा हात खाली ओढायची. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. स्नेहल सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची, माझा ताप मोजायची आणि लिहून ठेवायची. माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची.

अखेर तपासण्या ठीक आल्या. खुर्चीत बसलो. स्नेहल बाजूला स्टूल घेऊन बसली. सिस्टर सुई घेऊन आल्या. माझा हात आपोआप मागे गेला.

"सर?" सिस्टर म्हणाल्या.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. पासष्टाव्या वर्षी हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. "पहिल्या दिवसापासून वाटते. मला वाटतं मी इथेच मरेन."

सिस्टर म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना. आपण अगदी हळू सोडू. आधी एक गोळीही देते, घाबरणं कमी होतं." बस्स, एवढंच. यासाठी एक गोळी होती. स्नेहलने माझा मागे घेतलेला हात पुढे ओढला आणि सुई लागेपर्यंत धरून ठेवला. बाटली संपायला सगळा दिवस गेला. थंडी भरली नाही.

पाचवी झाली, सहावी झाली. कानाखालचा वाटाणा विरला, की मलाच तसं वाटत होतं, कळेना. मग स्कॅन. तो आणि रिपोर्ट यांच्यामधले दोन दिवस कसे गेले ते मी लिहिणार नाही. ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहेत.

डॉक्टर बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "सध्या आजार कुठेही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी यायचं." सिसिलियाने डॉक्टर बाईंचे दोन्ही हात धरले. मी तिथेच, त्या खुर्चीत, हमसून हमसून रडलो. या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी घरी आलो. सिसिलिया मेणबत्ती लावायला चर्चमध्ये गेली. मी आणि स्नेहल पडवीत बसलो होतो. मी म्हणालो, "आता माझ्यासाठी रजा घेत जाऊ नकोस. कामाचं नुकसान होतं."

"रजा नाहीये, पप्पा," ती म्हणाली. "मी तिथे नाही आता. रोप परत नेलं त्याच दिवशी सगळं लिहून दिलं आणि राजीनामा दिला."

मला कळेचना. "मग रोज डबा घेऊन कुठे जातेस?"

"फुलपाड्याला. एका क्लासमध्ये शिकवते."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढची बाटली घेतली नसती."

ते खरं होतं. मी म्हणालो, "अगं, पण चोरी मी केली. तुझा काय दोष?"

"आत आणलेल्या माणसाचे खिसे बाहेर पडताना आणणाऱ्याने तपासायचे, असा तिथे नियम आहे," स्नेहल म्हणाली. "तो मीच लिहिला होता."

"मग का नाही तपासलेस?"



"आपल्या बापाचे खिसे तपासायचे, पप्पा?"